सूत, घाम आणि नागपूरचं ऊन

कापसाचा धागा कोरड्या हवेत ठिसूळ होतो आणि तुटतो. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असते, कधी त्याच्याही खाली जाते. मागावर सूत सुरळीत चालायला मात्र ती ७५-८० च्या घरात लागते. म्हणजे कापूस जिथे पिकतो त्याच मुलखात, ऐन उन्हाळ्यात, त्याचं कापड विणणं जिकिरीचं. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांचं पोट या अडचणीच्या अवतीभवतीच भरलं. आबाजी, म्हणजे बाबांचे वडील, उमरेडकडून नागपुरात आलेले कोष्टी. बाबा एम्प्रेस मिलमध्ये विणाई खात्यात. आणि मी गांधीबागेतल्या एका दुकानात गादीवर बसून मीटरने कापड फाडलं. होळी झाली की गिऱ्हाईक विचारायचं, ‘भाऊ, उन्हाळ्याचं काही दाखवा.’ त्या प्रश्नाचं उत्तर दीडशे वर्षांत बरेचदा बदललं. ऊन मात्र तेच राहिलं.

आबाजींचा माग खड्ड्यातला होता. विणकर जमिनीवर बसतो, पाय खाली खड्ड्यात पावड्यांवर, आणि ताणा जमिनीपासून हातभर उंचीवर. लोकांना वाटतं की जागा वाचवायला ही सोय. खरं कारण मातीची ओल. खड्ड्यात पाणी शिंपडलं की तो गारवा वर ताण्यापर्यंत येतो आणि सूत नरम राहतं. खोलीला खिडकी लहान, दारावर ओलं पोतं. ताण्याला खळ लावायची, म्हणजे पाजणी करायची, ती पहाटे. गल्लीभर ताणा पसरायचा, पेज लावून कुंचल्याने धागे सुटे करायचे आणि ऊन चढायच्या आत आवरायचं. उशीर झाला की खळ कडक होऊन धागे तडतडत. घरातल्या बाया रहाटावर कांड्या भरत. उमरेड, पवनी, भंडारा, नागपूर या पट्ट्यातली रेशीमकाठी धोतरं आणि लुगडी नावाजलेली होती. भोसल्यांच्या काळात त्यांना दरबाराचा आश्रय होता आणि पुण्यापर्यंत गिऱ्हाईक होतं. हिंगणघाटच्या ‘बनी’ कापसाचा धागा देशी वाणांत बारीक निघे, त्याचंही नाव होतं.

पण हे श्रीमंती कापड. शेतकऱ्याच्या अंगावर काय होतं? जाडंभरडं धोतर, सैल बंडी आणि डोक्याला चांगलं ऐसपैस पागोटं. मुंबई-पुण्याच्या माणसाला हे बघून नवल वाटतं की पंचेचाळीस अंशांत एवढं कापड अंगावर कशाला. कोकणात तर उन्हाळ्यात कमरेला पंचा असला की पुरे. यात फरक हवेचा आहे. आपली कातडी साधारण ३५ अंशांवर असते. बाहेरची हवा त्याहून गरम झाली की वारा अंग थंड करत नाही, उलट तापवतो. अशा वेळी उघडं अंग म्हणजे ऊन आणि झळ दोन्हींना मोकळं रान. सैल, जरा भरीव सुती कापड ऊन बाहेरच अडवतं, घाम शोषतं आणि कोरड्या हवेत तो घाम भराभर उडून जातो. एक ग्रॅम घाम उडताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. कोकणात हवा आधीच पाण्याने भरलेली, तिथे घाम उडतच नाही, मग अंगावर कापड कमी तेवढं बरं. वऱ्हाडातला शेतकरी आणि मालवणातला मच्छीमार, दोघांचेही कपडे आपापल्या जागी बरोबर होते. हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं.

१८५४ साली नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. त्याच्या आदल्या वर्षी निजामाने वऱ्हाड त्यांच्या ताब्यात दिला होता. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि सगळ्यांच्या नजरा वऱ्हाडाकडे वळल्या. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावच्या बाजारपेठेपर्यंत फाटा गेला. हॅरी रिव्हेट-कार्नॅक नावाचे एक साहेब मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे कापूस आयुक्त होते. त्यांनी आपल्या अहवालात आडपडदा न ठेवता मांडलेला हिशोब असा: रेल्वे आली की विलायती कापड स्वस्तात येईल, इथलं गावठी कापड मागे पडेल, सूत कातणारे हात शेतीकडे वळतील आणि घरी खपणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल. तसंच झालं. चरखे आधी बंद पडले. माग टिकले, पण गिरणीच्या सुतावर. आबाजींचे आबाजी घरच्या बायांनी कातलेलं सूत विणत असतील. आबाजींनी मात्र आयुष्यभर विकतच्या सुताचे पुडे फोडले.

आता एम्प्रेस मिलची गोष्ट. तिच्याशिवाय नागपूरच्या कापडाचा इतिहास पुरा होत नाही. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये कंपनी काढली. सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग असं तिचं भलंमोठं नाव. मुंबईत गिरण्यांची गर्दी असताना त्यांनी नागपूर निवडलं, कारण कापूस दारात, कोळसा वर्धा खोऱ्यात आणि गिऱ्हाईक आजूबाजूला. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा स्वस्तात मिळाली. ती भरायलाच पैसा चाललेला पाहून इथल्या एका मारवाडी सावकाराने, हा माणूस सोनं मातीत घालतोय, म्हणून कर्ज नाकारलं. पुढे त्याच सावकाराने कबूल केलं की टाटांनी माती घालून सोनं काढलं. १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली, त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून नाव एम्प्रेस.

जमशेटजींपुढे जी अडचण आली ती आबाजींच्या खड्ड्यातलीच, फक्त हजारपटीने मोठी. मुंबईची हवा समुद्रामुळे दमट, तिथे सूत निमूट चालतं. इथे उन्हाळ्यात चात्यांवर धागे पटापट तुटायचे. म्हणून त्यांनी गिरणीत हवा ओली करणारी यंत्रं बसवली. देशात अशी यंत्रं पहिल्यांदा बसली ती इथे, आणि आग विझवणारे पाण्याचे फवारेसुद्धा. पाण्याची बारीक धुई खात्यात सोडली की धागा तुटायचा थांबे.

बाबा त्या धुईत काम करत. सुताला मानवते ती हवा माणसाला मानवत नाही, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकलो. आत यंत्रांची ऊब, वर ओली हवा. घाम वाळायला जागाच नाही. खात्यात ते बिनबाह्यांची गंजी आणि अर्धी चड्डी घालत. पाळी सुटली की अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, पायजमा, डोक्यावरून कानावर ओढलेला दुपट्टा आणि खिशात कांदा. गिरणीच्या फाटकाआड कोकण होतं आणि फाटकाबाहेर विदर्भ. एका दिवसात दोन हवामानांचे दोन पोशाख करणारी माणसं मी लहानपणी रोज पाहिली. कोणतं कापड कुठे, यावर मला पुढे कोणतंही व्याख्यान लागलं नाही.

या भागातल्या आखूड धाग्याच्या कापसाचं सूत जाड आणि मध्यमच निघे, गिरणीचा बराचसा माल तसाच असे. आमच्या धंद्यात जाडी नंबराने सांगतात. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात तो त्या सुताचा नंबर. नंबर चढला की सूत बारीक. वीस नंबरचं मांजरपाट, चाळिसाच्या पुढे पॉपलीन, साठ-ऐंशीला मलमल आणि व्हॉइल. नंबर जास्त म्हणजे कापड थंड, असा बऱ्याच गिऱ्हाइकांचा समज असतो. तो अर्धाच खरा. ऐंशी नंबरचं सूत गच्च ठोकून विणलं तर वारा जायला फट उरत नाही आणि तीस नंबरचं विरळ कापड त्यापेक्षा बरं वाटतं. व्हॉइलला पीळ जास्त असतो, म्हणून ते अंगाला चिकटत नाही, थोडं सुटं राहतं. मुंबईच्या खटाव मिलचं व्हॉइल याच गुणावर बायकांत गाजलं. मलमल मऊ, पण घामाने भिजली की अंगाला लागते. ती सावलीतली, घरातली. उन्हात निघणाऱ्या माणसाला मी मलमल कधी सुचवली नाही.

खादीबद्दल थोडं सांगतो, कारण वर्धा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात असहकाराचा ठराव पक्का झाला. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात मदुराईला गांधीजींनी सदरा-टोपी सोडून पंचा घेतला. १९३६ पासून ते सेवाग्रामला राहिले. १९३८ मध्ये वर्ध्याला मगन संग्रहालय उघडलं, ते आजही आहे आणि तिथे आजही खादी मिळते. हातसुताला पीळ कमी, धागा कमीजास्त जाड, त्यामुळे कापडात हवा खेळते आणि घाम पटकन जिरतो. उन्हाळ्यासाठी हे उत्तमच. पण सुरुवातीची खादी इतकी जड होती की नऊवारी धुवून पिळायला दोघी लागत. ती आमच्या आजीने सणाला नेसली, रोज नाही. रोज गिरणीचं पातळ. देशभक्तीच्या गोष्टींत हे सहसा कुणी लिहीत नाही.

धुणं, खळ आणि इस्त्री. सुती कापडाच्या इतिहासातून ही तीन कामं गळून पडतात, कारण ती बायकांनी केली. साबुदाण्याची किंवा भाताच्या पेजेची खळ, ती गाळायची, लुगडं बुडवायचं, दोघींनी दोन टोकं धरून झटकायचं, वाळलं की पाणी शिंपडून गुंडाळून ठेवायचं, मग कोळशाची इस्त्री. बेताची खळ कापड अंगापासून सुटं ठेवते, जास्त झाली की भोकं बुजतात आणि कापड पुठ्ठ्यासारखं गरम होतं. तो बेत आईला हाताने कळे. पण त्यासाठी मे महिन्यात चुलीपाशी आणि इस्त्रीपाशी तिलाच उभं राहावं लागे. घरातल्या पुरुषाचा थंड सदरा तिच्या घामाने थंड होत होता.

म्हणून टेरिकॉट आलं तेव्हा त्याला बायकांनी डोक्यावर घेतलं, यात मला आश्चर्य वाटलं नाही. मँचेस्टरजवळ व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी १९४१ मध्ये त्यातला पॉलिएस्टर धागा शोधला. आपल्याकडे ठाण्याला १९६० च्या दशकात ‘टेरीन’ नावाने तो बनू लागला. मी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दुकानात लागलो तेव्हा ६७ टक्के टेरीन आणि ३३ टक्के कापूस असं मिश्रण असलेलं टेरिकॉट हे लग्नाचं कापड होतं. नवरदेवाला टेरिकॉटचा शर्टपीस दिला नाही तर सोयरे रुसत. ते महाग होतं, कपाटात राही. उन्हाळ्यात रोज घालायला लोक अजून पॉपलीनच नेत. पण टेरिकॉट रात्री धुतलं, सकाळी घातलं, इस्त्री नको, घडी मोडत नाही, दहा वर्षं फाटत नाही. गिऱ्हाइकाला पटवायला मला काही बोलावंच लागत नसे.

घामाचा हिशोब मात्र आकड्यांत पाहा. साधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी सहज धरतो, पॉलिएस्टर ०.४ टक्के. नागपूरचे लोक ज्याच्यावर उन्हाळा काढतात त्या कूलरकडे पाहिलं की सुती सदरा कळतो: जाळीतलं गवत पाणी पितं, कोरडी हवा त्यातून जाते आणि गार होते. गवताच्या जागी प्लास्टिक भरलं तर मोटर कितीही फिरू द्या. जुलैत पाऊस लागला की कूलर निकामी होतो आणि तेव्हा सुती कपडाही वाळत नाही, अंगाला चिकटतो. टेरिकॉट बारा महिने कातडीभोवती ओली, कोंडलेली हवा धरून बसतं. बाबांनी एकदा नातेवाइकाच्या लग्नातला टेरिकॉटचा शर्ट दुपारभर घातला आणि घरी येऊन एवढंच म्हणाले, ‘खात्यात बसल्यासारखं वाटलं.’

महाग होतं तोवर ठीक होतं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मुंबईच्या मालाची आवक आटली. ती जागा भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांनी आणि सुरतेच्या सिंथेटिक साड्यांनी घेतली. त्याच वर्षी पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना चालू झाला. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कापूस आणि कृत्रिम धागा यांना एका पंगतीत बसवलं आणि करांचा भार उतरत गेला. दहा वर्षांत उलटापालट झाली: लग्नाचं कापड मजुराचं झालं आणि मजुराचं कापड, म्हणजे सुती, साहेबाचं झालं. आज उन्हात रस्ता खोदणाऱ्या माणसाच्या अंगावर पॉलिएस्टर असतं आणि वातानुकूलित खोलीतल्या माणसाच्या अंगावर लिनन. खादीसुद्धा सुटली नाही. पॉलिएस्टर मिसळलेली खादी ‘पॉलिवस्त्र’ या नावाने अधिकृतपणे विकली जाते.

एम्प्रेस मिल टाटांच्या हातून १९८६ मध्ये सुटली, सरकारी महामंडळाकडे गेली आणि तिथेही टिकली नाही. तलावाकाठच्या त्या जागेवर आता मॉल आहे, आणि तयार कपडे विकणारी दुकानंही.

मला राग येतो तो गणवेशांचा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटाकडे उघडतात. म्हणजे ऊन सरकारला मान्य आहे. पण मुलांच्या अंगावर चढतं ते टेरिकॉट, कारण ते फाटत नाही, रंग जात नाही आणि ठेकेदाराला स्वस्त पडतं. मार्च-एप्रिलच्या परीक्षांत वर्गात पंखा असला तरी मुलं ओली होऊन बसतात. वकिलांना बरं, बार कौन्सिलच्या नियमांत खालच्या न्यायालयांपुरती उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नाही. दहा वर्षांच्या मुलाला अशी सवलत कुणी दिलेली नाही. एका शाळेच्या पालकसभेत मी हे बोललो. उत्तर मिळालं, ‘कॉटनला इस्त्री कोण करणार?’ प्रश्न खरा होता. आईची आठवण झाली. तरीही सदरा सुती आणि पँट मिश्र धाग्याची, एवढी तडजोड करता येते. इस्त्री न केलेल्या सदऱ्याने अभ्यास अडत नाही.

आता गिऱ्हाइकाला सांगायचो तेच. रेयॉनचे कुडते हल्ली खूप चालतात. ते कापसापेक्षाही जास्त पाणी पितात, पण ओले झाल्यावर कमजोर होतात आणि लवकर लोळागोळा होतात. लिनन उत्तम, पैसे असतील तर. खेळाडूंची पॉलिएस्टरची जर्सी घाम कडेला ओढून वाळवते, धावायला ती चालते, दुपारच्या झोपेला नाही. बाकी उन्हासाठी चाळीस नंबरच्या आसपासचं, फार गच्च न विणलेलं सुती कापड घ्या. उजेडासमोर धरा, बारीक फटी दिसल्या पाहिजेत, पण पलीकडचा माणूस नाही. बाह्या पूर्ण ठेवा, बगलेत आणि पाठीत शिंप्याला दोन बोटं जास्त सोडायला सांगा. सैल शिवणीचा फायदा कापडाच्या जातीइतकाच आहे. लेबलवर ‘कॉटन फील’ किंवा ‘कॉटन ब्लेंड’ असेल तर टक्केवारी विचारा. शंका आली तर काठाचा एक धागा ओढून काडी लावा: कापूस कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. दुकानदार नाराज होईल, होऊ द्या.

आणि नागपुरात मे महिन्यात येणार असाल तर डोक्याला बांधायचा दुपट्टा घरूनच आणा, धुवून नरम झालेला, सुती. इथे चौकाचौकांत जे रंगीत दुपट्टे विकायला लटकलेले असतात त्यांतले पुष्कळसे पॉलिएस्टरचे असतात.